गेरूचा पट्टा

२७ ऑक्टोबर, सोमवार

शिवकन्या सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. जाताना नव्या संगणकाला हात जोडले आणि मला म्हणाली, "आई, आता याच्या नादी लागू नको. चाललंय तसं चालू दे."

आमचा गाड्या तोलायचा काटा परत सुरू झाला. दिवाळीच्या आधी विजेचा दाब एकाएकी वाढून जुना संगणक जळाला, तेव्हापासून काट्याच्या खोलीत मला बसवत नव्हतं. आज बसले. कापसाची एक पिकअप आली, वजन झालं, पावती निघाली. ड्रायव्हरने पावती न बघताच खिशात कोंबली. त्याला काय माहीत.

काट्याला जोडलेला सरकारी शिक्क्याचा डबा वजन दाखवतो, त्यात नवीन काही नाही. पण उसाची बैलगाडी काट्यावर चढली की बैल पाय बदलतात, शेपटी हाणतात, आणि आकडा नाचतो. तो नाचत असताना पावती काढली की शेतकऱ्याचं तरी जातं नाही तर कारखान्याचं तरी. माझ्या मालकांनी, गोरक्षनाथांनी, यासाठी प्रोग्रामचा एक तुकडा लिहिला होता. आकडा खरोखर थांबल्याशिवाय तो पावती निघू देत नाही. संगणकाच्या अगदी पोटात, ज्याला शिवू कर्नल म्हणते, तिथे तो बसतो. मी त्याला गाभा म्हणते.

मालक मागच्या पौषात गेले. त्यांच्या पाठोपाठ त्यांचा लॅपटॉप गेला आणि त्या तुकड्याचं मूळ लिखाणही गेलं. आता तो तयार तुकडा तेवढा आहे, जळक्या संगणकाच्या डिस्कवर वाचलेला, वजन डॉट ओ नावाचा. पीठ आहे, गहू नाहीत. नवा लिहिता येत नाही, आहे तोच जोडायचा.

जोडताना शिवूचे दोन दिवस गेले. हे यंत्र जो तुकडा स्वतः बनवतं त्याच्या शेजारी एक लपवलेली चिठ्ठी ठेवतं, तो कसा बनवला ते सांगणारी. मालकांचा तुकडा तयार आलेला, त्याला चिठ्ठी नाही. जोडणी तिथेच अडायची. शेवटी शिवूने एक चिठ्ठी करून ठेवली आणि काम झालं.

मी विचारलं, "काय लिहिलं तिच्यात?"

"काहीच न्हाई. रिकामी हाय. फक्त असायला पाहिजे."

मन हलकं झालंय. रात्री भूक नव्हती, चहा घेतला.

३० ऑक्टोबर

दुपारी लाईट गेली आणि आली. संगणक परत उठला, पण पडद्यावर आकडा दिसेना. शिवूला फोन लावला.

"आई, यानं गाभा बदलला. दिवाळीत माझ्या फोनचं नेट जोडलेलं होतं ना, तेव्हाच नवा उतरवून ठेवला आसंल. बंद-चालू झाल्यावर तो घेतला. जुन्या गाभ्यासाठी बांधलेलं नव्यात बसत न्हाई."

"मंग?"

"परत बांधायचं. त्या फोल्डरमधी जा आन् मेक दे. बस्स."

मला ते येतं. मालकांनी जुन्या संगणकावर दोन हुकूम शिकवले होते. 'मेक क्लीन' म्हणजे आधीच्या बांधकामाचा कचरा झाडून काढणं, 'मेक' म्हणजे नव्याने बांधणं. मला पहिला हुकूम जास्त आवडला. मी काट्याचा पत्राही झाडल्याशिवाय पहिली गाडी घेत नाही. फटीत खडा बसला तर वजन खोटं येतं.

शिकवलं त्या आठवड्यात एक दिवस मालक डोकं धरून बसले होते. जेवलेही नाहीत. विचारलं तर म्हणाले, "काही न्हाई, एक चीज हरवली, शोधून राह्यलो." दुसऱ्या दिवशी खूश. मला हाक मारून म्हणाले, "आसरे, आता झाड बिनधास्त. दिवसातून धा डाव झाड." काय हरवलं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

तर आज आधी झाडून घेतलं, मग मेक दिलं. इंग्रजीत ओळी आल्या आणि अडल्या. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. अर्थ असा की वजन डॉट ओ कसा बनवायचा याचा नियम सापडत नाही, म्हणून थांबतो.

फोटो काढून शिवूला पाठवला. ती म्हणाली, "बघते. घाबरू नको."

३१ ऑक्टोबर

शिवूचं म्हणणं, नव्या गाभ्याची माहिती सांगणाऱ्या फाइली आल्या नसतील. फोनवर सांगत गेली, मी शोधत गेले. होत्या. परत झाडलं, परत बांधलं. तीच ओळ.

शिवू बँकेच्या वेबसाइटचं काम करते. गाभ्याचं काम वेगळं असतं म्हणे. "आई, मी रंगारी हाय आन् तू मला विहीर खोदायला लावली," असं म्हणाली. पण ऑफिस सुटल्यावर बसते, वाचते, मला सांगते.

२ नोव्हेंबर

दीर आदिनाथभाऊजी आले होते. शेती तेच बघतात, काट्यावर उसाच्या गाड्या आणणंही त्यांच्याच ओळखीने होतं.

"वहिनी, कारखान्याची मोळी पडली, गाळप सुरू झालं. आठ-दहा दिवसांत आपल्या शिवारातला ऊस निघंल. तवर हे चाललं तर ठीक, न्हाईतर मी जालन्याहून तयार डबा आणतो. बटण दाबलं की पावती."

"तयार डबा बैल थांबायची वाट बघत न्हाई, भाऊजी."

"बैल किती राह्यले आता? निम्मे ट्रॅक्टरच."

"निम्मे बैल हायेत ना."

ते हसले. "गोरखदादा बी असंच बोलायचा." माझ्यावर जोर करत नाहीत, हे मला कळतं. पण गाड्या माघारी गेल्या तर त्यांनी काय करावं? मी कबूल केलं. ऊस सुरू होईपर्यंत नाही झालं तर मालकांचा तुकडा काढून ठेवायचा आणि डबा बसवायचा.

काढून ठेवायचा म्हणजे कुठे, हे मला सुचलं नाही. त्यांच्या कपड्यांचं तसं नव्हतं, ते पेटीत मावले.

४ नोव्हेंबर

शिवूने आज दुसरी शंका काढली. फोल्डरच्या नावात मध्ये मोकळी जागा असली तर हे बांधकाम गडबडतं. जागा नव्हती. मग तिसरी शंका. तुकड्याचं नाव आणि पूर्ण वस्तूचं नाव एकच असलं तर यंत्र स्वतःचीच शेपूट धरून फिरतं. नावंही वेगळी निघाली. प्रत्येक वेळी झाडून नव्याने बांधलं. जुना कचरा राहायला नको.

मी मोठ्याने "एन, ओ, आर, यू, एल, ई" वाचत होते. शेजारच्या चहाच्या टपरीवरून उषाबाईने डोकं आत घातलं.

"कुणाला शिव्या देऊन राह्यल्या इंग्रजीत?"

"संगणकाला."

"मराठीत द्या, जल्दी कळंल त्याला." मग माझ्या जेवणाच्या डब्याकडे बघितलं. "ही सकाळची भाकर हाय का?"

"खाते."

"कालबी खाते म्हणल्या होत्या."

पोलकं धुण्याने सैल झालंय. टीप घालायला पाहिजे.

७ नोव्हेंबर

आज सगळं कळलं, लिहून ठेवते.

शिवूने आज रजा घेतली होती. म्हणाली, "आई, सगळं सोडू. त्या फोल्डरमधी काय काय हाय, वरून खाली वाच मला."

मी वाचलं. चार-पाच नावं होती.

"वजन डॉट ओ?"

"न्हाई इथं."

"नीट बघ."

"नीटच बघून राह्यले. न्हाई."

तिने हळू आवाजात विचारलं, "आई, मेक द्यायच्या आधी तू काय करतीस?"

"झाडून घेते की."

"क्लीन देतीस?"

"मंग? न झाडता कुणी बांधतं का?"

ती म्हणाली, "आई, डॉट ओ नावाचं जे दिसंल ते सगळं क्लीन पुसून टाकतं. त्याला वाटतं ते यानंच बांधलेलं हाय, परत बांधता येतं. बाबांचा तुकडा त्यातच गेला. पहिल्याच दिवशी."

म्हणजे आठ दिवस मी नसलेली वस्तू जोडत बसले होते, आणि ती मीच झाडून टाकली होती.

"दुसरी प्रत तुझ्याजवळ आसंल ना?"

"न्हाई. जुन्या डिस्कवरून सरळ यात घेतली. बँकेचा लॅपटॉप, त्यात बाहेरचं घालता येत न्हाई." मग म्हणाली, "चूक माझी हाय, आई. एक प्रत ठेवायला काय झालं होतं मला."

मी म्हणाले, "झाडू माझ्या हातात होता." तेवढ्यात दोघींनाही एकदमच आठवलं की जुना संगणक डिस्कसकट आपण जालन्याच्या हरिओमला दिलाय, नव्याच्या बदल्यात. तो जुन्या डिस्का कोऱ्या करून विकतो. फोन लावला, बंद लागतोय.

उद्या पहिल्या गाडीने जालन्याला.

८ नोव्हेंबर

दुकान बंद. आज चतुर्थी. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "हरिओम राजूरला गेला गणपतीला. गर्दीत त्याचा फोन लागायचा न्हाई. उद्या या."

शटरच्या फटीतून आत बघितलं. संगणकांचे डबे एकावर एक रचलेले. आपला कोणता, ओळखू आला नाही. इतकी वर्षं रोज पुसला, तरी.

परतीच्या जीपमध्ये मी शेवटच्या बाकावर. मालक गेले तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. ते दवाखान्यात, डॉक्टर काच लावलेल्या खोलीत, मी बाहेर. हे मात्र माझ्या हातात होतं, आणि माझ्याच हाताने गेलं, असं अंबडपर्यंत मनात चाललं होतं. अंबडला शेजारी एक म्हातारी बसली, मांडीवर शेळीचं पिल्लू. पिल्लाने माझा पदर चघळला. म्हातारी म्हणाली, "खाऊ द्या, सुती हाय." मला हसू आलं. का ते कळलं नाही.

९ नोव्हेंबर

आहे! डिस्क आहे, तुकडा आहे.

हरिओम नुकताच शटर वर करत होता. कपाळाला शेंदूर तसाच. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने आधी मला स्टुलावर बसवलं.

"काकू, पाणी प्या. तुमचा डबा दिवाळीच्या गर्दीत खोलायलाच झाला न्हाई. परवा खोलणार होतो."

"मंग का न्हाई खोलला?"

"आळस, काकू. दुसरं काय."

"तुझ्या आळसाला नारळ फोडते."

त्याने डिस्क काढली, आपल्या संगणकाला लावली. मी शिवूला व्हिडिओवर घेतलं आणि फोन पडद्यासमोर धरला. मालकांचं फोल्डर उघडलं. नावं दिसली. वजन डॉट ओ होतं, पण त्याच्या पुढे आणखी काही चिकटलेलं होतं. मी अक्षरं लावली. खाली एक रेघ, मग 'शिप्ड'.

शिवू म्हणाली, "हेच ते. दिवाळीत मला वाटलं बाबांच्या हातून नाव चुकलं. म्हणून मीच ती शेपूट कापून टाकली."

हरिओमने प्रती काढल्या. एक पेनड्राइव्हवर, एक शिवूला मेलवर, एक स्वतःजवळ. पैसे घेतले नाहीत. "गोरखकाकांनी मला पहिल्यांदा सोल्डरिंग शिकवलं," एवढंच बोलला.

संध्याकाळी शिवूचा परत फोन. तिने सगळं वाचून काढलं होतं.

"आई, ती शेपूट चूक नव्हती. या बांधकामाचा कायदाच हाय तसा. बाहेरून तयार आलेल्या तुकड्याच्या नावाला 'शिप्ड' जोडून ठेवायचं. बांधताना यंत्र त्याची नक्कल काढून ती वापरतं. झाडताना नक्कल जाते, मूळ राहतं. मुळाला हात लावत न्हाई."

मला एकदम कळलं. माझे सासरे मेंढरं घेऊन गोदाकाठी बसायचे. दुसऱ्याचं मेंढरू सांभाळायला कळपात घेतलं की आधी त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचे. विकताना, कातरताना कुणाचा हात चुकून त्याच्यावर पडू नये. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी गेरू कालवायचं काम माझ्याकडे होतं.

शिवूला सांगितलं तर ती म्हणाली, "बराबर. अगदी तसंच." मग विचारलं, "आई, बाबांनी तुला झाडायला कधी शिकवलं होतं?"

"जुना संगणक घेतला त्या वर्षी. पोळा झाला होता. का?"

"फाइलीवर तारीख दिसती. त्याच वर्षीच्या पोळ्यानंतरची हाय. तू झाडायला शिकलीस, त्यानंतरच बाबांनी हे नाव दिलं."

"मंग?"

तिने नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असेल, पुण्यात गारवा पडलाय. म्हणाली, "मंग काही न्हाई. कायदाच हाय तसा."

कायदा असेल. मालक कायद्याचे पक्के होते.

१० नोव्हेंबर

तुकडा त्याच्या पूर्ण नावासकट फोल्डरमध्ये ठेवला. झाडलं नाही, हात मागे धरून बसले. मेक दिलं. ओळी सरकल्या, आणि मधल्या एका ओळीत 'शिप्ड' दिसलं. यंत्राने नक्कल काढून घेतली. पुढे जाऊन परत अडलं. चिठ्ठी कुठाय, म्हणे. जुनी रिकामी चिठ्ठीही माझ्या झाडूत गेली होती.

शिवू म्हणाली, "दर वेळी आपण कशाला ठेवत बसायचं? बांधायच्या हुकमातच लिहून टाकू, आधी रिकामी चिठ्ठी ठेव, मंग जोड." तिने एक ओळ सांगितली, मी टाइप केली. एका ठिकाणी माझी मोकळी जागा जास्त पडली, ती तिने फोटोवरून पकडली.

जोडलं गेलं. बसवलं. आकडा आला. शून्य, पण आला.

भाऊजी काट्याच्या दारात उभे होते. "झालं?"

"झालं."

"मंग डब्याचं?"

"डबा राहू द्या दुकानात."

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग एक बैलगाडी अडवली, कडब्याची, वजनाचं काही कारण नसताना. गाडीवाला कुरकुरला, "भाऊ, कडबा कोण तोलतं?" बैल काट्यावर चढले. डावा बैल पाय आपटत होता. आकडा वर-खाली होत राहिला. पावती निघाली नाही. गाडीवाला म्हणाला, "बिघडलं वाटतं." मी म्हणाले, "थांब जरा." भाऊजीही म्हणाले, "थांब." बैलाने मान खाली घातली, फुंकर सोडली, आणि उभा राहिला. आकडा थांबला. पावती निघाली.

ती पावती भाऊजींनीच घडी करून खिशात ठेवली.

११ नोव्हेंबर

आज मुद्दाम झाडलं. शिवू नको म्हणत होती, पण भीती मनात ठेवून रोज तिथे बसता येणार नाही. मेक क्लीन दिलं आणि लगेच यादी वाचली. यंत्राने बांधलेलं सगळं गेलं होतं. मालकांचा तुकडा जागच्या जागी. परत बांधलं, परत आकडा आला. तेव्हा कुठे जीव खाली बसला.

मग काट्याचा पत्रा झाडला. पहिली गाडी यायला वेळ होता. मालक असताना झाडून झालं की ते मला काट्यावर उभं करायचे आणि खिडकीतून ओरडायचे. "साठ! साठ किलो सोनं!" पाच-पाच किलोच्या पायरीने मोजणारा हा काटा, त्याला माणूस म्हणजे माशी, पण माशी बसलेलीही कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यापासून मी उभी राहिले नव्हते. आज राहिले. उतरून पावती बघितली.

पन्नास.

इतकं करून तुकडा बिघडला, असं वाटलं. भाऊजींना बोलावलं. त्यांनी शिक्क्याची लोखंडी वजनं आणली, एकेक करून ठेवली. प्रत्येक आकडा बराबर. मग मला म्हणाले, "परत उभ्या राहा." राहिले. पन्नास.

भाऊजींनी आधी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काटा बराबर हाय, वहिनी."

"मंग दहा किलो गेले कुठं?"

त्यांनी टपरीकडे तोंड करून हाक मारली, "उषाबाई, वहिनींसाठी पोहे करा. आन् त्या खात्यात तवर तिथंच उभ्या राहा."

उषाबाई खरंच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मी सगळे खाल्ले.

दुपारनंतर उसाच्या गाड्या सुरू झाल्या. पहिल्या तीन बैलगाड्याच होत्या. कुणीही घाई केली नाही.

संध्याकाळी तव्यावर दोन भाकरी टाकल्या, दोन्ही माझ्यासाठी. काट्याला दोष देता येत नाही, तो थांबूनच आकडा सांगतो. उद्या झाडून झालं की परत उभी राहणार आहे.